मेबॅकवाले विल्हेल्म मायबाख

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूममेटने तपासून दिले आहेत, तरीही ज्या चुका राहिल्या असतील त्या माझ्या. चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय मात्र शोधावा लागला नाही. तो गेले दोन महिने आमच्या खोलीच्या खिडकीत ठेवलेला आहे. एक पिस्टन. त्याच्या डोक्यावर बरोबर मध्ये चिंचोक्याएवढं भोक आहे. भोकाच्या कडा मेणबत्तीसारख्या ओघळलेल्या आहेत. येणारी प्रत्येक मुलगी तो हातात घेऊन बघते आणि हे काय म्हणून विचारते. तेव्हा मला तीच गोष्ट परत सांगावी लागते.

आमच्या क्लबने ८०० सीसीचं एक जुनं तीन सिलिंडरचं इंजिन भंगारातून आणलं होतं. त्याला बेल्टवर चालणारा एक सेकंडहँड सुपरचार्जर लावला आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बसवला. ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनाची ताकद शेवटी त्यात किती हवा जाते यावर ठरते. साधं इंजिन स्वतःच्या ओढीने हवा आत घेतं. सुपरचार्जर म्हणजे हवा दाबून भरणारा पंप. जास्त हवा भरली की तेवढंच जास्त पेट्रोल द्यावं लागतं. किती द्यायचं ते ईसीयू ठरवतो. त्याच्या पोटात एक तक्ता असतो. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब, आणि प्रत्येक चौकोनात इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा तो आकडा. हे आकडे लॅपटॉपवर बसून आपण भरायचे. यालाच ट्यूनिंग म्हणतात. दिसायला एक्सेल शीट, पण एक चौकोन चुकला की फळ लगेच मिळतं.

आम्हाला ते डायनोवर तिसऱ्या रनला मिळालं. आधी खडे हलवल्यासारखा आवाज आला, मग ब्रीदरमधून भसाभसा धूर. हेड खोललं तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये हा पिस्टन. आम्ही तो घेऊन उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो उन्हात धरून दोन सेकंद पाहिला आणि पेट्रोल कमी पडलंय एवढंच सांगून परत लेथकडे वळले. आम्ही चौघं तीन दिवस लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो, आणि त्यांना नुसत्या रंगावरून कळलं!

मग लॉग फाइल परत उघडली आणि दाबाचा रकाना नीट पाहिला. आकडा वाढत वाढत १०५ किलोपास्कलला पोचतो आणि तिथून पुढे सरळ रेष. डायनोच्या बाजूला लावलेला साधा काट्याचा गेज मात्र ०.४ बार बूस्ट दाखवत होता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, म्हणजे इथल्या हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. त्यात ४० मिळवले की आत खरे १३५ होते. आमचा सेन्सर होता १ बारचा. त्याला १०५ च्या वरचं दिसतच नाही. ईसीयूला वाटलं हवा तेवढीच आहे, आणि त्याने पेट्रोल तेवढंच दिलं. आम्ही १२ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं धरून आकडे भरले होते. प्रत्यक्षात ते १५ च्याही पुढे गेलं. वाइडबँड सेन्सर असता तर रन चालू असतानाच कळलं असतं, पण तो पुढच्या महिन्यात घ्यायचा असं ठरलेलं. आणि हो, तो १ बारचा सेन्सर मीच निवडला होता आणि मीच बसवला होता.

सरांना हे सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. त्यांनी फक्त लायब्ररीत जाऊन कार्ब्युरेटरचा इतिहास वाच म्हणून सांगितलं. मला वाटलं शिक्षाच आहे. फ्युएल इंजेक्शनच्या जमान्यात कार्ब्युरेटर कोण वाचतं? बीएस-६ नियम एप्रिल २०२० मध्ये आले आणि नव्या बाइक्समधूनसुद्धा तो जवळजवळ गेला. पण वाचता वाचता एक नाव समोर आलं, आणि ते नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते.

कोल्हापूरच्या मुलांना सांगायला नकोच. बाहेरगावच्या हॉस्टेलकरांसाठी सांगते. दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात शमीपूजनाला छत्रपती घराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात. ही गाडी राजाराम महाराजांच्या काळातली. आजोबांच्या खांद्यावर बसून मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला सोनं लुटण्यापेक्षा गाडीचंच जास्त कौतुक. अख्खं कोल्हापूर तिला मेबॅक म्हणतं. जर्मन उच्चार मायबाख. तेव्हा या लेखात गाडी ती मेबॅक आणि माणूस तो मायबाख, असं धरून चालूया.

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रोन गावी एका सुताराच्या घरी झाला. घरात पाच मुलगे. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना आई गेली आणि दहाव्या वर्षी वडील. घराशी ओळख असलेल्या लोकांनी वर्तमानपत्रात मदतीचं आवाहन छापलं. ते वाचून रॉइटलिंगेनच्या गुस्टाफ वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने त्याला आपल्या संस्थेत घेतलं. ब्रुडरहाउस नावाची ही संस्था अनाथाश्रम तर होतीच, पण तिचे स्वतःचे कारखानेही होते. मुलांना जेवण, शाळा आणि हाताला काम, सगळं एका छताखाली. एका अर्थाने मायबाख आपल्यासारखेच हॉस्टेलवाले. फरक एवढाच की सुट्टीत जायला त्यांना घर नव्हतं.

वेर्नरच्या लक्षात आलं की या पोराचा हात ड्रॉइंगमध्ये चांगला चालतो. त्याला ड्राफ्ट्समनचं शिक्षण दिलं. दिवसा ड्रॉइंग ऑफिस, संध्याकाळी गावातल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र. इंजिनिअरिंगची डिग्री त्यांनी कधीच घेतली नाही. (ही ओळ घरी दाखवू नये!)

१८६३ मध्ये ब्रुडरहाउसच्या कारखान्यावर नवीन व्यवस्थापक आला. वय २९. नाव गोटलीब डाइमलर. शिकलेला, महत्त्वाकांक्षी, जरा तापट माणूस. त्याला तिथे हा शांत, कमी बोलणारा मुलगा सापडला. पुढची जवळपास पस्तीस वर्षं ही जोडी टिकली. डाइमलर जिथे गेला तिथे मायबाख गेले. १८६९ मध्ये कार्ल्सरूहे, आणि १८७२ मध्ये कोलोनजवळ डॉइट्झला निकोलाउस ऑटोच्या गॅस इंजिनाच्या कारखान्यात. तिथे डाइमलर तांत्रिक प्रमुख आणि मायबाख डिझाइनचे प्रमुख, वय फक्त २६.

आपण सगळे फर्स्ट इयरला ऑटो सायकल पाठ करतो. ऑटोचं फोर स्ट्रोक इंजिन १८७६ चं. कल्पना ऑटोची, पण ते विकता येईल, रोज चालेल असं यंत्र करण्यात मायबाख यांच्या ड्रॉइंग बोर्डाचा मोठा वाटा होता. पुस्तकात त्यांचं नाव येत नाही. पुढेही हेच होत राहिलं. पाटीवर नाव दुसऱ्याचं, कागदावर रेघ यांची.

१८७८ मध्ये त्यांनी बेर्टा हाबरमेल यांच्याशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, कार्ल. हे नाव लक्षात ठेवा, कोल्हापूरच्या गाडीचा संबंध या कार्लशी आहे.

१८८२ मध्ये डाइमलरचं ऑटोशी बिनसलं. तो नोकरी सोडून श्टुटगार्टजवळ कानस्टाटला आला आणि पाठोपाठ मायबाखही आले. डाइमलरच्या बंगल्याच्या बागेत काचेची खोली होती, तिला विटांचा भाग जोडून दोघांनी वर्कशॉप केलं. काम इतकं गुप्त चालायचं की डाइमलरच्या माळ्याला संशय आला, ही माणसं रात्री आत खोट्या नाण्यांचा उद्योग करतात की काय! त्याने पोलिसांना कळवलं. डाइमलर घरी नसताना पोलिसांनी झडती घेतली, तर आत नुसती इंजिनं.

या बागेत त्यांना हलकं आणि जलद इंजिन करायचं होतं. त्या काळातली गॅस इंजिनं मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेऱ्या मारायची आणि पाया खणून जमिनीत रोवायची. या दोघांनी ६०० फेऱ्या गाठल्या. १८८५ चं त्यांचं उभं इंजिन लंबकाच्या घड्याळासारखं दिसायचं, म्हणून त्याचं नाव घड्याळच पडलं. ते त्यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीत बसवलं. जगातली पहिली मोटरसायकल म्हणतात ती हीच. नोव्हेंबर १८८५ मध्ये डाइमलरचा मुलगा पॉल ती घेऊन शेजारच्या गावाकडे निघाला. इंजिनातला जाळ लावणारी नळी सतत लालभडक ठेवावी लागायची आणि ती बरोबर सीटखाली. वाटेत सीटने पेट घेतला असं सांगतात. पॉल तेव्हा १६ वर्षांचा. हेही नाव लक्षात ठेवा.

आणखी एक गंमत. त्याच १८८५ साली डाइमलरला एक पेटंट मिळालं, त्यात सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा दाबून भरण्याची कल्पना होती. म्हणजे सुपरचार्जिंग! गाडी धड रस्त्यावर यायच्या आधी. पण तेव्हा ते जमण्यासारखं नव्हतं. एवढ्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल मोजून द्यायचं कसं, हाच प्रश्न साध्या इंजिनातसुद्धा सुटलेला नव्हता.

त्या वेळची पद्धत अशी. पेट्रोलच्या भांड्यातून किंवा त्याच्या पृष्ठभागावरून हवा न्यायची आणि जी वाफ मिळेल ती इंजिनात सोडायची. याला सरफेस कार्ब्युरेटर म्हणतात. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, त्यात हलके आणि जड भाग असतात. हलके आधी उडून जातात आणि तळाशी जड उरतं. त्यामुळे सकाळी मजेत चालणारं इंजिन दुपारी रुसायचं. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त, खड्ड्यात गाडी आदळली तर भलतीच. हवा किती आणि पेट्रोल किती यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही.

यावरचा उपाय मायबाख यांनी काढला तो फार अडचणीच्या दिवसांत. १८९० मध्ये धंदा वाढवण्यासाठी डाइमलरने भांडवलदारांना बरोबर घेऊन कंपनी काढली. कंपनीवर ताबा त्या लोकांचाच राहिला. मायबाख यांना कबूल केलेलं स्थान दिलं नाही. १८९१ च्या फेब्रुवारीत ते बाहेर पडले. वय ४५, घरी बायकोमुलं, हातात नोकरी नाही. डाइमलरने स्वतःच्या खिशातून पैसे दिले आणि कानस्टाटच्या बंद पडलेल्या हॉटेल हेर्मानमध्ये त्यांचं वर्कशॉप सुरू झालं. जिथे पूर्वी लोक नाचायचे त्या हॉलमध्ये थोडेसे कामगार, काही शिकाऊ पोरं आणि मायबाख.

१८९३ मध्ये त्या हॉलमधून स्प्रे कार्ब्युरेटर बाहेर आला.

आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. त्यात बॉल कॉक असतो. पाणी वर आलं की तरंगता गोळा नळ बंद करतो, खाली गेलं की उघडतो. (आपल्याकडे तो बिघडलेला असतो ते सोडा.) मायबाख यांनी छोट्या भांड्यात तसाच फ्लोट ठेवला, म्हणजे पेट्रोलची पातळी कायम तीच. त्या भांड्यातून एक बारीक नळी काढली आणि तिचं तोंड हवेच्या वाटेत, पेट्रोलच्या पातळीच्या जरा वर आणून ठेवलं. पिस्टन हवा ओढतो, हवा नळीच्या तोंडावरून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. हवा जास्त गेली तर ओढ जास्त आणि पेट्रोल जास्त. हवा कमी तर पेट्रोल कमी.

हे वाचलं आणि मी खिडकीतल्या पिस्टनकडे पाहिलं. आमच्या ईसीयूला हवा किती आली ते सेन्सरने सांगावं लागतं. सेन्सर खोटं बोलला की ईसीयू खोट्यावर विश्वास ठेवतो. मायबाख यांच्या जेटला कोणी काही सांगावं लागत नाही. जी हवा इंजिनात जाते तीच पेट्रोल ओढून नेते. मोजणारा आणि मोजलं जाणारं एकच. १८९३ साली, एका हॉटेलच्या हॉलमध्ये!

अर्थात सरांनी लगेच माझा उत्साह कमी केला. साधा जेट हवा वाढली की पेट्रोल प्रमाणापेक्षा जरा जास्तच देतो, म्हणून पुढे त्याला वेगवेगळ्या भरपाईच्या युक्त्या कराव्या लागल्या. डोंगरावर हवा विरळ झाली की मिश्रण बिघडतं. ही सगळी दुरुस्ती तक्त्यात आकडा बदलून करता येते, म्हणून तर ईसीयू आला. आणि हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी अशाच कल्पनेचं पेटंट त्याच वर्षी आधी घेतलं होतं. ते खरं आहे, त्यांचं श्रेय त्यांना. पण मोटारींच्या कारखान्यांमधून जो पसरला तो मायबाख यांचा. अजूनही जुनी बाइक घेऊन गॅरेजमध्ये गेलात आणि मिस्त्रीने कार्ब्युरेटर खोलला, तर फ्लोट आणि जेट दाखवायला सांगा. मूळ तेच.

या कार्ब्युरेटरसह हॉटेलात तयार झालेल्या फिनिक्स इंजिनाने बाजी पलटवली. इंग्लंडच्या फ्रेडरिक सिम्स यांना त्याचे हक्क हवे होते आणि त्यासाठी ते साडेतीन लाख मार्क द्यायला तयार झाले. अट एकच, डाइमलरला कंपनीत परत घ्या. १८९५ मध्ये डाइमलर परत गेला, आणि ज्यांना चार वर्षांपूर्वी जागा नाकारली होती ते मायबाख तांत्रिक प्रमुख म्हणून आत आले.

६ मार्च १९०० रोजी डाइमलर वारला. त्याच महिन्याच्या शेवटी फ्रान्समध्ये नीसजवळच्या घाटातल्या शर्यतीत डाइमलर कंपनीचा चालक विल्हेल्म बाउअर गाडी कड्यावर आदळून मेला. गाडी जड, उंच आणि आखूड होती. मोटार शर्यती बंदच करूया असं कंपनीतल्या लोकांना वाटू लागलं. नीसमध्ये राहणारे श्रीमंत गिऱ्हाईक एमिल येलिनेक यांना उलट वाटत होतं. धोका वेगात नाही, गाडीच्या बांधणीत आहे. त्यांनी एकदम ३६ गाड्यांची ऑर्डर दिली, पण गाडी नवी हवी, बुटकी हवी, लांब हवी, आणि तिला माझ्या मुलीचं नाव द्या. मुलीचं नाव मर्सिडीज.

ही गाडी मायबाख यांनी काही महिन्यांत उभी केली. दाबलेल्या पोलादाची चासी, खाली बसवलेलं ३५ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन-दोन सिलिंडरना एक असे दोन कार्ब्युरेटर, आणि पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिच्यापुढे कोणी टिकलं नाही. त्याआधीच्या गाड्या पाहिल्या तर घोडा सोडलेल्या टांग्यासारख्या दिसतात. ही पहिली, जिला बघून आपण मोटार म्हणू. फ्रेंच लोक मायबाख यांना डिझायनरांचा राजा म्हणू लागले.

आणि इथून परत तेच. डाइमलर पाठीशी नव्हता. कंपनीत राजकारण सुरू झालं. १९०६ मध्ये त्यांनी १२० अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं रेसिंग इंजिन केलं, वरून चालणाऱ्या कॅमशाफ्टचं, काळाच्या पुढचं. पण तोपर्यंत त्यांना बाजूच्या खोलीत सरकवण्यात आलं होतं. १९०७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. डिझाइनची सूत्रं आली पॉल डाइमलरकडे. होय, पेटलेल्या सीटवरचा तोच मुलगा. मायबाख यांनी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. त्यांना काय वाटलं असेल याचा मी बराच विचार केला. त्यांनी भांडण केल्याचं काही वाचनात आलं नाही. मी असते तर नक्की केलं असतं.

ऑगस्ट १९०८ मध्ये काउंट झेपेलिनचं भलंमोठं विमानजहाज एख्टरडिंगेन गावात वादळाने उखडून जळून गेलं. इंजिनांनी आधीच त्रास दिला होता. ६२ वर्षांच्या मायबाख यांनी झेपेलिन यांना जहाजासाठी चांगलं इंजिन देण्याची तयारी दाखवली. १९०९ मध्ये त्यासाठी नवी कंपनी निघाली. पण मुख्य खुर्चीवर ते बसले नाहीत. तिथे त्यांनी तीस वर्षांच्या कार्लला बसवलं आणि स्वतः सल्ला देत राहिले. कारखाना पुढे फ्रीडरिक्सहाफेनला गेला.

ट्यूनिंगवाल्यांनी इथे लक्ष द्या. पहिल्या महायुद्धात जर्मनीला उंचावर दम न सोडणारं इंजिन हवं होतं. वर हवा विरळ, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा कमी आणि ताकद कमी. यावर दोन रस्ते. एक, सुपरचार्जर लावून विरळ हवा दाबून भरा. त्यावर पॉल डाइमलर आपल्या कंपनीत काम करत होता. कार्ल मायबाख यांनी दुसरा रस्ता घेतला. त्यांनी एमबी-४ए या इंजिनाचे सिलिंडर मुद्दाम मोठे आणि कॉम्प्रेशन जास्त ठेवलं. जमिनीवर ते पूर्ण थ्रॉटलने चालवायचंच नाही, चालवलं तर नॉक होऊन फुटेल. ठरावीक उंची गाठली की मग थ्रॉटल पूर्ण उघडायचा, तिथली विरळ हवा या मोठ्या सिलिंडरना बरोबर पुरते. म्हणजे आज जे काम ईसीयू करतो ते वैमानिकाच्या डाव्या-उजव्या हातावर सोडलं होतं. आमच्या डायनोवर असा वैमानिक आम्ही होतो.

युद्धानंतर पॉल डाइमलरने सुपरचार्जर मोटारीत आणला. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीजच्या सुपरचार्जरवाल्या गाड्या ठेवल्या होत्या. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पंप जोडला जायचा आणि कार्ब्युरेटरमध्ये हवा दाबाने घुसायची. आता गंमत बघा. बाहेरून दाबाने हवा आली तर फ्लोटच्या भांड्यातल्या पेट्रोलवरही तेवढाच दाब द्यावा लागतो, नाहीतर जेटमधून पेट्रोल येणारच नाही. म्हणजे बूस्टची खबर पेट्रोलपर्यंत पोचली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी ती नळीने पोचवली. आम्ही शंभर वर्षांनी सेन्सर लावून ती अडवली.

त्याच प्रदर्शनात पलीकडे आणखी एक नवी गाडी होती. पराभवानंतरच्या तहाने जर्मनीत विमानांची इंजिनं बनवायला बंदी आली, म्हणून कार्ल मायबाख मोटारींकडे वळले होते. चारही चाकांना ब्रेक असलेली सहा सिलिंडरची मोठी गाडी. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या नावाने गाड्या केल्या त्यांचं नाव पहिल्यांदा एका गाडीवर लागलं. विल्हेल्म तेव्हा ७५ वर्षांचे होते. आधी १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली होती, संध्याकाळच्या शाळेत गणित शिकलेल्या अनाथ मुलाला.

२९ डिसेंबर १९२९ रोजी ते कानस्टाटमध्ये वारले. वय ८३. डाइमलरची कबर ज्या दफनभूमीत आहे तिथेच त्यांनाही पुरलं.

त्यानंतरचं सगळं चांगलं नाही, पण सोडून दिलं तर बरोबर होणार नाही. त्यांचा धाकटा मुलगा आडोल्फ मानसिक आजाराने बरीच वर्षं त्रस्त होता. १९४० मध्ये नाझी सरकारने अशा रुग्णांना मारण्याची जी मोहीम चालवली तिच्यात त्याला मारलं. त्याच सरकारच्या रणगाड्यांत पुढे कार्लच्या कारखान्याची इंजिनं होती. हे वाचून मी पुस्तक मिटून मेसला गेले आणि त्या दिवशी परत उघडलं नाही.

१९२१ पासून युद्ध सुरू होईपर्यंत मेबॅक गाड्या जेमतेम अठराशेच्या आसपास बनल्या. कारखाना चासी आणि इंजिन द्यायचा, वरची बॉडी वेगळे कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे बांधायचे. त्यातली एक समुद्र ओलांडून कोल्हापूरला आली आणि न्यू पॅलेसमध्ये राहिली. तिच्यात ना लॅपटॉप ना सेन्सर. बॉनेटखाली फ्लोट आणि जेटच. दसऱ्याला गर्दीतून ती अगदी सावकाश येते तेव्हा लोक महाराजांना बघतात आणि पोरं गाडीला. यंदा मी रूममेटला घेऊन जाणार आहे. पुढे जागा मिळाली तर इंजिनाचा आवाज ऐकायचा आहे, कारण इतक्या वर्षांत मी तो कधी लक्ष देऊन ऐकलाच नाही.

आमच्या इंजिनाचं म्हणाल तर उद्यमनगरातून सिलिंडर बोअर होऊन आला आहे. ओव्हरसाइज पिस्टन मिळाले. ३ बारचा सेन्सर बसवला, १०५ च्या वरचे सगळे चौकोन नव्याने भरले आणि बूस्टमध्ये इग्निशन काही अंशांनी मागे घेतलं. वाइडबँड या वेळी आधी घेतला. आता डायनोची तारीख मिळायची आहे.